कण्याच्या ऑपरेशनला भुलीचा वायू नकोच

मडगावची_भूलतज्ज्ञ:
माझं मत आता पक्कं झालंय. मोटर सिग्नल (मेंदूला झटका देऊन हातापायांच्या स्नायूंवर टिपतात ते) बघत कणा सरळ करायचा असेल तर सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू सुरूच करू नये. परवा सत्तरी तालुक्यातल्या १४ वर्षांच्या मुलीचे पायांचे सिग्नल ऐन स्क्रू बसवताना गेले. सर्जनांनी हात थांबवले, आम्ही रक्तदाब वाढवला. शेवटी वायू बंद केला आणि वीसेक मिनिटांनी सिग्नल परतले. पण ती वीस मिनिटं मज्जारज्जू दुखावलाय की वायू नडतोय, हे आम्हाला सांगता येत नव्हतं. आई बाहेर बाकावर बसून होती. मज्जारज्जूतल्या ज्या मोटर पेशींनी मेंदूचा इशारा स्नायूकडे धाडायचा, त्यांनाच हा वायू मंद करतो. शिरेतून भुलीचं प्रोपोफॉल आणि वेदना मारणारं फेंटानिल द्यावं, बस्स.

फोंडेकर:
ताई, नडला तो वायू की वाढवलेली मात्रा? अर्ध्या मॅकच्या (एक मॅक म्हणजे ज्या मात्रेला निम्मे पेशंट चिरा दिला तरी हलत नाहीत ती) आत स्थिर ठेवला तर अनेकांचे सिग्नल टिकतात. श्वासातला वायू मॉनिटरवर आकड्यात दिसतो, रक्तातलं प्रोपोफॉल कुठे दिसतं? चादरीखाली सुई निसटली तर पेशंट जागा होईल. शिवाय सहा तास प्रोपोफॉल चाललं की ते साठतं, मूल उशिरा उठतं, पाय हलवून बघणंही लांबतं.

सिग्नलवाली_पणजी:
मी ओटीत इलेक्ट्रोड लावते. सर, घोट्याच्या नसेला झटका देऊन डोक्यावर टिपतो तो संवेदनेचा सिग्नल अर्ध्या मॅकला बऱ्याचदा तग धरतो. त्याची उंची निम्मी झाली किंवा तो १० टक्के उशिरा आला की आम्ही ओरडतो. स्नायूंचा सिग्नल त्याच्या कितीतरी आधी जातो. पाय मुळातच कमजोर असले तर अर्धा मॅकही जड. आणि नळी घालताना दिलेलं स्नायू शिथिल करणारं औषध वायूमुळे जास्त रेंगाळतं, म्हणून ट्रेन ऑफ फोर (नसेला चार झटके देऊन ते औषध किती उरलंय हे बघणं) बघितल्याशिवाय मी पायांच्या सिग्नलवर बोलत नाही. मॅडम, हातांचे सिग्नल पाहिलेत का? ऑपरेशन पाठीत असताना हातही पडले तर संशय आधी भुलीवर.

मडगावची_भूलतज्ज्ञ:
पाहिले. हातांचे निम्मे झाले होते, पायांचे पूर्ण गेले. तेवढ्यावर सर्जनांना “चालू ठेवा” म्हणायला माझी जीभ रेटली नाही. फोंडेकर, सुईचं तुमचं म्हणणं खरं आहे. ती शीर मी उघडी, डोळ्यांसमोर ठेवते आणि कपाळावर बीआयएसची, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून भूल किती खोल आहे ते दाखवणारी, पट्टी लावते.

फोंडेकर:
मुलांपुरतं मान्य. पण मानेच्या एका मणक्याचं ऑपरेशन, हातपाय धडधाकट, सुरुवातीचे सिग्नल ठसठशीत, अशा मोठ्या माणसाला मी थोडा वायू देणारच. फक्त ते सुरुवातीचे सिग्नल, म्हणजे बेसलाइन, घेतल्यावर वायूच्या डायलला हात लावणार नाही.