फ्लॅटहेड : आधी पाण्याची नळी पाहावी

जुन्या गाडीच्या फ्लॅटहेड इंजिनाची (ज्यात व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला असतात) ताकद वाढवायला दोन कार्बोरेटर आणि जास्त कॉम्प्रेशनचे हेड बसवा, असा सल्ला दिला जातो; रोज म्हापसा-पणजी ये-जा करणाऱ्या गाडीसाठी तो मला पटत नाही, कारण आधी इंजिन तापण्याकडे पाहायला हवे. फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातच, असल्याने जळालेल्या वायूची बरीच उष्णता ब्लॉकमधल्या पाण्यात उतरते. प्लायमाउथ-डॉजच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात वॉटर पंपामागे एक लांब चपटी नळी असते, जी व्हॉल्व्हच्या बैठकांपाशी गार पाणी पोहोचवते. ती गंजली की मागचे सिलिंडर तापतात, मग रेडिएटर कितीही मोठा बसवा. फोंड्यातल्या आमच्या मेकॅनिकने रेडिएटर उतरवून ती ओढली, तेव्हा हातात नुसते तुकडे आणि तांबडा चिकट गाळ आला. पितळी नळी घालून ब्लॉक धुतल्यापासून ऐन मे महिन्यातही गाडी चोर्ला घाट न थांबता चढते.