पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच. पावसाळ्यात डेस्कटॉप सुरू होईना

खाडीकाठची (ऐरोली):
नमस्कार मंडळी. आठवडाभर झाला, घरचा डेस्कटॉप धड सुरू होत नाहीये. बटण दाबलं की पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा क्षणभर लागतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. पाच-सहा वेळा बंद-चालू केलं की एखाद्या वेळी सुरू होतो आणि मग दिवसभर बिनबोभाट चालतो. सकाळी पुन्हा तेच. सुरू झाला की घड्याळ चुकीची तारीख दाखवतं आणि बँकेची साइट उघडत नाही. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक मुंग्या येतात, हेही सांगून ठेवते.

मशीन असं आहे: आय-फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), विंडोज एसएसडीवर. जवळच्या दुकानात नेलं तेव्हा त्यांनी एचडीएमआय केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावली. तिथेही काही दिसलं नाही, म्हणून ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलं. नाहीतर फॉरमॅट मारून बघू म्हणाले. खर्च करण्याआधी घरी काय काय तपासता येईल? स्क्रू ड्रायव्हर आणि साधा मल्टिमीटर आहे.

स्लॉट_ए२ (ठाणे, नौपाडा):
ताई, मदरबोर्डचा निकाल इतक्यात मानू नका. त्या चाचणीवरून काहीच सिद्ध होत नाही. ९४००एफ मधला ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. अशा प्रोसेसरवर मदरबोर्डचं एचडीएमआय पोर्ट बोर्ड धडधाकट असतानाही काळंच राहणार. केबल कायम जीटीएक्स १६५० लाच लावा. फॉरमॅटचाही इथे संबंध नाही. मॉनिटरवर कंपनीचा लोगोसुद्धा येत नाही, म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोचतच नाही.

लक्षणं वाचून माझा पहिला संशय रॅमच्या संपर्कावर आहे. रॅमच्या पट्टीवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. खाडीच्या दमट, खारट हवेत त्यावर आणि स्लॉटच्या पिनांवर पापुद्रा धरतो, रोध वाढतो आणि बोर्डाला रॅम दिसत नाही. मशीन एकदा तापलं की ओल उडते, म्हणून दिवसभर चालतं आणि रात्रभर थंड झालं की सकाळी पुन्हा अडतं.

करायचं असं. भिंतीचं बटण बंद करून प्लग काढा. मग पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, सतरंजीवर नको. आतल्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून मग रॅमच्या टोकाच्या खिट्ट्या दाबा, पट्टी वर येईल. सोनेरी कडेला बोट लावू नका. कागदावर आडवी ठेवून पांढऱ्या मऊ खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने घासा. काळपट रेघा खोडरबरावर उतरलेल्या दिसतील. कीस ब्रशने झाडा आणि ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. स्लॉट नव्या, कोरड्या, मऊ ब्रशने साफ करा. व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका.

आता एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये बसवा. पट्टीतली खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांना ‘कट’ असा आवाज येईपर्यंत दाबा. एका बाजूचाच आवाज आला तर ती बसलेली नाही. पट्टी क्रमांक १ पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. पट्टी २ पहिल्यात, मग दुसऱ्यात. चारही जोड्या करून कागदावर लिहा. प्रत्येक वेळी प्लग काढून. हे चार निकाल इथे टाका, त्यावरून पट्टी खराब की स्लॉट हे कळेल.

हाताशी असताना ग्राफिक्स कार्डही काढून त्याची कड तशीच साफ करा. बऱ्याच १६५० कार्डांना वेगळी पॉवर वायर नसते, सगळी वीज स्लॉटमधूनच येते, त्यामुळे तिथला सैल संपर्कही हेच लक्षण देतो.

सेल_२०३२ (खारघर):
तारखेचा घोळ वेगळा आहे आणि सोपा आहे. मदरबोर्डवरचा गोल सेल संपत आलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तसाच. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा. नवा सेल ३ च्या वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला. तारीख मागे गेली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं, म्हणून बँकेचं पान उघडत नाही. काही बोर्डांवर मेलेला सेल सुरू होण्यातच अडथळा आणतो, त्यामुळे हा खर्च कसाही कारणी लागेल.

पण सेल काढण्याआधी, मशीन चालू असेल तेव्हा, एक गोष्ट नक्की बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का? असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. सेल काढला की बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रामच्या) सेटिंग मूळपदावर जातात, टीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) बंद पडू शकतो आणि विंडोज ती की मागतं. ती नसेल तर डेटा गेला समजा. नंतर ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ आलं तर घाबरू नका; बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे का आणि बूट यूएफआयवर आहे का एवढं बघा. आणि महत्त्वाच्या फाइली आजच बाहेरच्या डिस्कवर घ्या, दुरुस्ती मग.

अर्थिंगवाला (वाशी):
सगळे रॅमच्या मागे आहेत, मला त्या मुंग्यांची काळजी वाटते. त्या तुम्ही ओघात लिहिल्या आहेत, पण आधी त्यांचंच बघा.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्ट. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, टेस्टर लावला तर मिणमिणतो. पण एसएमपीएसमध्ये खरोखर फेज पत्र्याला टेकली तर अर्थिंगशिवाय फ्यूज उडणार नाही आणि तो पत्रा जिवावर बेतेल. पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी तर मुळीच हात लावू नका.

आधी वायर बघा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावलाय का? स्वस्त एक्स्टेंशनमध्ये तिसरं भोक असतं पण आत अर्थची वायरच नसते. मशीन थेट भिंतीतल्या पॉइंटला लावून बघा. तरीही मुंग्या आल्या तर परवानाधारक वायरमनला बोलावून पॉइंट मोजून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ शून्य किंवा भलताच आकडा आला तर अर्थची वायर बोर्डापर्यंत आलेलीच नाही किंवा मीटररूममध्ये सुटलीये. हे घरी स्वतः मोजू नका. कुणी अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो म्हणालं तर साफ नाही म्हणा. न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट फेज होतं. पाण्याच्या पाइपलाही नको. घरात ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. तोवर एचडीएमआय केबल लावताना-काढताना मॉनिटर आणि मशीन दोन्हींचे प्लग काढलेले असू द्या, नाहीतर त्या ११५ व्होल्टची ठिणगी कार्डाचं पोर्ट घेऊन जाते.

खाडीकाठची:
सगळ्यांचे आभार, लगेच केलं. एक्स्टेंशन उघडलं, आत खरंच दोनच वायरी आहेत. थेट भिंतीला लावल्यावर मुंग्या थांबल्या. पॉइंट मोजायला वायरमनही उद्या येतोय. बिटलॉकर बंद होतं. सेल २.४ व्होल्ट निघाला, बदलला. खोडरबर अक्षरशः काळं झालं. निकाल असे: पट्टी १ पहिला स्लॉट चालू, दुसरा बंद. पट्टी २ पहिला स्लॉट चालू, दुसरा बंद. म्हणजे दुसरा स्लॉट गेला का?

स्लॉट_ए२:
दोन्ही पट्ट्या ठीक आहेत, ही मोठी गोष्ट. दोष दुसऱ्या स्लॉटच्या रस्त्यात आहे, पण तो स्लॉटमध्येच असेल असं नाही. रॅमच्या तारा थेट प्रोसेसरला जातात. प्रोसेसरवरचा कूलर (पंखा) एका बाजूने जास्त आवळला असेल तर प्रोसेसर सॉकेटमध्ये किंचित तिरका दबतो आणि एक अख्खी चॅनेल (एका स्लॉटचा रस्ता) बंद पडते. कूलरच्या चारही खुंट्या पूर्ण बसल्यात का बघा, एखादी अर्धवट असते. सैल करून समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा बसवा. कूलर पूर्ण उचलला गेला तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लावावीच लागेल.

त्यानंतर टॉर्चच्या उजेडात दुसऱ्या स्लॉटमध्ये बघा, एखादी पिन हिरवट किंवा वाकलेली आहे का. तसं नसेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, अर्धा तास वाळवणं, आणि पट्टी आठ-दहा वेळा बसवून-काढून पिना घासून घेणं. डब्ल्यूडी-४० नको.

खाडीकाठची:
डाव्या खालची खुंटी अर्धवट होती! चारही बसवल्या, स्लॉट साफ केला. दोन्ही रॅम, १६ जीबी दिसतेय. सकाळी पहिल्या बटणाला सुरू झाला.

स्लॉट_ए२:
छान. आज रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा, मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. चूक दाखवणारी एकही लाल ओळ आली तर स्क्रीनचा फोटो इथे टाका.