शब्दचर्चा : भाकीत, आडाखा, ठोकताळा आणि गेमवरच्या सिनेमाचा गल्ला

मुद्रितशोधक

एका दिवाळी अंकासाठी आलेला लेख तपासते आहे. विषय असा की व्हिडिओ गेमवर बेतलेला हॉलिवूडपट किती धंदा करेल हे आधी कसं सांगतात, आणि ते इतकं का चुकतं. लेखकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत 'भाकीत' हाच शब्द ठेवलाय. 'माइनक्राफ्टच्या कमाईचं जाणकारांचं भाकीत खोटं ठरलं', असं वाक्य आहे. मला तिथे 'आडाखा' हवासा वाटतो. लेखक विचारतात, फरक काय पडतो?

माझ्या मते पडतो. क्रियापदंच बघा. भाकीत 'वर्तवतात', आडाखा 'बांधतात'. वर्तवायला हिशेब लागतोच असं नाही, बांधायला मात्र हाताशी काहीतरी सामान लागतं. एप्रिल २०२५मध्ये माइनक्राफ्टचा सिनेमा आला, त्याआधी अमेरिकेतल्या जाणकारांनी पहिल्या तीन दिवसांसाठी सात-आठ कोटी डॉलर, फार तर थोडे जास्त, असे आकडे दिले होते. ते हवेतून काढलेले नव्हते. प्रत्यक्षात अमेरिका आणि कॅनडा मिळून तीन दिवसांत १६ कोटी २८ लाख डॉलर जमले, म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

दुसरी शंका 'कमाई'बद्दल आहे. हा शब्द इथे बरोबर आहे का?

रात्रपाळी

मी बाजारपाहणीच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून आधी तिकडे काय करतात ते सांगतो. शब्द त्यातूनच सुटेल.

हॉलिवूडमध्ये सिनेमा लागायच्या साधारण तीन आठवडे आधीपासून प्रेक्षकांची पाहणी सुरू होते. धंद्यात त्याला 'ट्रॅकिंग' म्हणतात. नॅशनल रिसर्च ग्रुप ही यातली जुनी संस्था, १९७८ सालची. प्रश्न साधे असतात. येऊ घातलेल्या सिनेमांपैकी कुठले आपणहून आठवतात? नाव सांगितल्यावर ऐकल्यासारखं वाटतं का? बघायची इच्छा पक्की आहे का? त्या आठवड्यात एकच सिनेमा बघायचा तर कुठला? ही उत्तरं मग आधीच्या तशाच सिनेमांच्या उत्तरांशेजारी ठेवतात. त्या सिनेमाला अमुक टक्के पक्की इच्छा होती आणि त्याने इतके जमवले, मग हा इतके जमवेल.

म्हणजे तीन पायऱ्या झाल्या. पहिली पाहणी. दुसरी, आधीच्या सिनेमांवरून बसवलेला ठोकताळा. तिसरी, या सिनेमापुरता बांधलेला आडाखा. लेखात हे तिन्ही शब्द लागतील, आणि एकाच्या जागी दुसरा चालणार नाही.

माइनक्राफ्टच्या वेळी कुठली पायरी ढासळली ते बघा. गेमच्या ३० कोटींहून जास्त प्रती २०२३पर्यंत खपल्या होत्या, त्यामुळे नाव माहीत नसण्याचा प्रश्न नव्हता. पण अशा पाहण्यांमध्ये लहान मुलं आणि शाळकरी पोरं नीट सापडत नाहीत, ही धंद्यातली जुनीच तक्रार आहे. सहकुटुंब बघायच्या सिनेमांचे आकडे त्यामुळेच नेहमी कमी येतात. आणि या सिनेमाला आलेले बहुतेक प्रेक्षक पंचविशीच्या आतले होते. शेजारी कुठले सिनेमे ठेवायचे हेही चुकलं असावं. म्हणून 'आडाखा चुकला' हे खरं असलं, तरी तो ठोकताळ्यापायी चुकला, असं लेखात यायला हवं.

ओवी

'ठोकताळा' शब्दातला 'ताळा' म्हणजे शाळेतल्या गणितातलाच. भागाकार झाला की 'ताळा करून पाहा', म्हणजे उत्तर उलटीकडून पडताळा. 'ताळेबंद'ही त्याच घरातला. आज आपण ठोकताळा म्हणजे अनुभवावरून बसवलेला ढोबळ नियम एवढंच धरतो, पडताळणीचा भाग विसरतो. या विषयात नेमका तोच हवा आहे.

तीस वर्षं हॉलिवूडमध्ये एक ठोकताळा चालला : गेमवरचा सिनेमा पडतो. त्याला आधार होता. १९९३चा मारिओ बंधूंचा सिनेमा चार कोटींहून जास्त डॉलर खर्चून केला आणि अमेरिकेत जेमतेम दोन कोटींवर थांबला. २००१मध्ये फायनल फँटसीवरचा सिनेमा आला, खर्च १३ कोटी ७० लाख, जगभरात मिळून जमले साडेआठ कोटींच्या आसपास. पण ताळा कुणी केला? १९९५चा मॉर्टल काँबॅट दोन कोटींच्या आत बनला आणि जगभरात १२ कोटींवर गेला. फायनल फँटसीच्याच वर्षी लारा क्रॉफ्ट २७ कोटींवर पोचली. म्हणजे नियम म्हणून तो कधीच ताळ्यात बसत नव्हता, तरी २०२३मध्ये नवा मारिओ येईपर्यंत लोक त्याच मापाने मोजत होते. तो मारिओ जगभरात १३६ कोटी डॉलरवर गेला.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. ट्रॅकिंगवाल्यांना काय दिसलं नसेल ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. धाकट्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना घेऊन माइनक्राफ्टला गेलो होतो. सिनेमात एक जागा आहे, कोंबडीवर छोटं झोंबी पोर येऊन बसतं आणि नट जॅक ब्लॅक ओरडतो, 'चिकन जॉकी!' त्याच्या दोन मिनिटं आधीपासून पोरं खुर्च्यांवर उभी राहायला लागली. तो शब्द आला आणि सगळं थिएटर एकसुरात ओरडलं. मागच्या रांगेतून पॉपकॉर्नचा मारा सुरू झाला, कुणीतरी सरबताचा अख्खा ग्लास भिरकावला. कर्मचारी टॉर्च घेऊन धावत आले. पुढे ठिकठिकाणच्या थिएटरांनी 'असं करू नका' अशा पाट्या लावल्या.

यातल्या निम्म्या पोरांना तो प्रसंग ट्रेलर आणि मोबाइलवरच्या तुकड्यांतून तोंडपाठ होता. ती गोष्ट बघायला आलीच नव्हती, मित्रांबरोबर ओरडायला आली होती. 'बघायची इच्छा पक्की आहे का' या प्रश्नात ही ओढ कशी पकडणार?

शब्दाबद्दल एवढंच. माझा मुलगा महिनाभर आधी म्हणत होता की वर्गातली सगळी जाणार आहेत. त्याच्या म्हणण्याला आडाखा म्हणणार नाही, भाकीतही नाही. ती अटकळ होती, आणि ती बरोबर निघाली.

खिडकी

'कमाई'च्या शंकेबद्दल. माझं मत पक्कं आहे : गल्ला लिहा. बातम्यांत 'शंभर कोटींची कमाई' छापतात, त्यामुळे अर्ध्या वाचकांना वाटतं की निर्मात्याच्या खिशात शंभर कोटी गेले. दुकानाच्या गल्ल्यात दिवसभरात दहा हजार जमले तर ते दुकानदाराने कमावले असं आपण म्हणत नाही. मालाचे पैसे, भाडं, पगार सगळं त्यातूनच जायचं असतं.

उदाहरण लेखातलंच घ्या, २०१६चा वॉरक्राफ्ट. खर्च १६ कोटी डॉलर. जगभराचा गल्ला सुमारे ४४ कोटी. 'कमाई' लिहिलं की वाचक म्हणणार, २८ कोटी सुटले! पण त्यातले जवळजवळ २२ कोटी एकट्या चीनमधले होते, आणि चीनमध्ये परदेशी सिनेमाला गल्ल्यातला साधारण चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे साडेपाच कोटी. अमेरिकेत निम्म्याच्या आसपास मिळतो, पण तिथे गल्लाच पावणेपाच कोटींचा. उरलेल्या जगातला वाटा धरला तरी निर्मितीचा खर्च आणि जाहिराती निघणं अवघड. पुढचा भाग निघाला नाही तो उगीच नाही. म्हणूनच धंद्यात ढोबळपणे म्हणतात की गल्ला खर्चाच्या अडीचपट झाला तर सिनेमा सुटला, म्हणजे त्याचा खर्च निघाला. वॉरक्राफ्ट अडीचपटीच्या वर होता आणि तरी सुटला नाही, कारण गल्ला कुठल्या देशात जमला याला फार महत्त्व आहे.

आपल्याकडच्या बातम्यांतलं 'नेट'ही असंच फसवतं. नेट म्हणजे जीएसटी वजा जाता उरलेला गल्ला. नफा नव्हे. हॉलिवूडचे आकडे कर न वजा करता दिलेले असतात, तेव्हा दोन्हींची तुलना करताना लेखकाने जपून लिहावं.

मुद्रितशोधक

पटलं, 'गल्ला' करते. 'तिकीटबारीवरचा गल्ला' एकदा लिहून पुढे नुसतं 'गल्ला'.

आता अजून एक अडचण. लेखकाने 'सिनेमाचे पाय' असं लिहिलंय. पहिल्या तीन दिवसांनंतर सिनेमा किती चालला, त्यासाठी तिकडे तसं म्हणतात म्हणे. मराठीत ते वाचवत नाही.

रात्रपाळी

'टिकाव' लिहा. 'सिनेमाने टिकाव धरला' हे कुणालाही कळेल. आणि मोजायला 'पट' आहेच. अमेरिकेतला एकूण गल्ला भागिले पहिल्या तीन दिवसांचा गल्ला. माइनक्राफ्ट एकूण सव्वाबेचाळीस कोटींच्या वर गेला, म्हणजे अडीचपटीहून थोडा जास्त. २०२३चा मारिओ १४ कोटी ६४ लाखांवरून साडेसत्तावन्न कोटींवर, जवळजवळ चौपट. तो बुधवारी लागला होता, पहिले दोन दिवस या तीनात धरलेले नाहीत, म्हणून ती चौपट जरा फुगलेली आहे.

आणि मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज. ऑक्टोबर २०२३, खर्च फक्त दोन कोटी डॉलर. तीन दिवसांत आठ कोटी. पाहणीवाले इथेही खालीच राहिले होते. पण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गल्ला तीन-चतुर्थांशाहून जास्त घसरला, आणि अमेरिकेतला एकूण आकडा १३ कोटी ७० लाखांवर थांबला. पावणेदोनपटसुद्धा नाही! लोकांना आवडला नव्हता म्हणावं तर पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला 'ए वजा' श्रेणी दिली होती, आणि अडीचपट चाललेल्या माइनक्राफ्टला 'बी अधिक'. कारण वेगळं होतं. गेमचे चाहते सगळेच्या सगळे पहिल्या तीन दिवसांत आले, आणि सिनेमा त्याच दिवशी पीकॉक या ओटीटीवर घरबसल्या उपलब्ध होता. पुढच्या आठवड्यांतली गर्दी आधीच येऊन गेली होती.

त्यामुळे गेमवरच्या सिनेमाचे खरं तर दोन आडाखे बांधावे लागतात, एक पहिल्या तीन दिवसांच्या धडाक्याचा आणि एक टिकावाचा. चाहत्यांची संख्या पहिल्याला उपयोगी पडते. दुसऱ्याला ज्याने गेम कधी हातात घेतला नाही तो माणूस लागतो, मुलांबरोबर आलेले आईबाप लागतात. लेखकाने हे दोन वेगळे केलेले नसतील तर शब्द बदलूनही लेख सुधारणार नाही.

ओवी

'धडाका' छान. 'सलामी'ही चालेल, 'पहिल्या तीन दिवसांची सलामी'.

मुद्रितशोधक

'धडाका' घेते. सलामी म्हटलं की क्रिकेट डोळ्यापुढे येतं.

शेवटचं एक. बॉर्डरलँड्स आणि वॉरक्राफ्ट दोघांनाही लेखकाने 'आपटला' म्हटलंय. बॉर्डरलँड्सबद्दल शंका नाही. ऑगस्ट २०२४, खर्च ११ कोटींच्या घरात, तीन दिवसांचा गल्ला एक कोटीच्या आत, जगभरात सव्वातीन कोटींच्या आसपास. पण वॉरक्राफ्ट?

खिडकी

बॉर्डरलँड्स साफ आपटला, बरोबर. आपटायला पहिल्याच दिवशी जमिनीवर यावं लागतं. वॉरक्राफ्टला चीनमध्ये तुडुंब गर्दी होती, त्याला 'आपटला' म्हणणं त्या प्रेक्षकांवर अन्याय आहे. 'तोट्यात गेला' लिहा.