आर्विड कार्लसनच्या करिअरवर सेमिनार आहे, नेमकं कशावर बोलू?

सांगलीकर_फार्मा: नमस्कार मंडळी, एम.फार्म फार्माकॉलॉजी, दुसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात स्वीडिश शास्त्रज्ञ कार्लसनवर सेमिनार आहे, डोपामाइन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते एक रसायन) आणि 2000 चं नोबेल एवढं सगळ्यांना माहीतच असतं, त्यापलीकडे काय सांगू? माझा प्रोजेक्ट म्हणजे रॅटला हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारावरचं औषध द्यायचं, पुढचे दोन पाय आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो किती सेकंद तसाच राहतो ते स्टॉपवॉचवर बघायचं, रोज हेच. आधीचा टॉपिक आठ महिन्यांनी सोडावा लागला, खरं सांगायचं तर अजून ते मनातून जात नाहीये.

जुना_लॅबवाला: अरे, मग कार्लसन तुझाच माणूस आहे की. तो स्वीडनमध्ये लुंडला आधी कॅल्शियमवर काम करायचा, चांगलं काम होतं पण वरची जागा मिळाली नाही, हा विषय फार्माकॉलॉजीत चालणार नाही असं सांगितलं गेलं, म्हणून 1955 मध्ये विषय बदलून अमेरिकेत ब्रोडी या फार्माकॉलॉजिस्टच्या लॅबला गेला, जेमतेम पाच महिने. तिथे रेसर्पिन या रक्तदाबाच्या औषधाने मेंदूतलं सेरोटोनिन हे निरोप नेणारं रसायन संपतं हे नुकतंच सापडलं होतं. परत आल्यावर याने हिलार्प या सहकाऱ्याबरोबर बघितलं तर तसंच दुसरं रसायन, नॉरॲड्रेनॅलिन, पण संपतंय. मग सशांना रेसर्पिन दिलं, ससे कान पाडून गप्प बसले, ढिम्म हलेनात. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन काही झालं नाही, पण डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर आधी डोपामाइन आणि मग नॉरॲड्रेनॅलिन बनवतं तो पदार्थ, टोचल्यावर 15 मिनिटांत ससे कान टवकारून हिंडायला लागले. आणि गंमत इथेच आहे, मेंदू तपासला तर नॉरॲड्रेनॅलिन अजूनही नव्हतंच, वाढलं होतं ते डोपामाइन, ज्याला तोवर सगळे नॉरॲड्रेनॅलिन बनण्यातली नुसती मधली पायरी समजत होते. सेमिनारची निम्मी वेळ या सशांनाच दे असं माझं मत. 1960 ला लंडनच्या परिषदेत हेन्री डेलसारख्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही हे पटलं नव्हतं, तरी हा मागे हटला नाही.

आणि तुझा रॅट दांडीवरून का उतरत नाही त्याचं उत्तरही याच्याचकडे आहे. 1963 मध्ये कार्लसन आणि त्याची सहकारी मार्गिट लिंडक्विस्टने दाखवलं की हॅलोपेरिडॉल किंवा त्याच प्रकारचं क्लोरप्रोमाझिन दिल्यावर डोपामाइन, नॉरॲड्रेनॅलिन संपत नाही, उलट त्यांच्या मोडतोडीतून होणारे पदार्थ वाढतात, म्हणजे रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी जागा) अडवलेत आणि ते भरून काढायला पेशी जास्त जोर लावतायत. तुझ्या स्टॉपवॉचमध्ये तेच मोजलं जातंय रे.

निशिगंधा: मी सायन्सची नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. बाबांना पार्किन्सन्स आहे, सकाळी बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारखे उभे राहतात, हात धरला तरी पाऊल उचलत नाही. सिंडोपाची गोळी घेतली की पाऊणएक तासाने स्वतः उठून चहाचा कप विसळून ठेवतात. त्या गोळीत लेव्होडोपा असतं एवढंच माहीत होतं, ससे आज कळले. तुझ्या सेमिनारमध्ये पेशंटबद्दल पण दोन वाक्यं बोल बाळा.

जुना_लॅबवाला: ताई, सशांपासून गोळीपर्यंत यायलाही दहा वर्षं लागली. व्हिएन्नात हॉर्निकिएविझ या शास्त्रज्ञाने 1960 मध्ये पार्किन्सन्सने गेलेल्यांचे मेंदू तपासले, त्यात डोपामाइन फार कमी निघालं, पुढच्याच वर्षी डॉक्टर बर्कमायरबरोबर पेशंटना डोपाची इंजेक्शनं दिली, आणि तोंडाने मोठ्या डोसमध्ये देऊन टिकाऊ गुण येतो हे डॉक्टर कोटझियासने अमेरिकेत 1967 ला दाखवलं.

दादर_पश्चिम: रेसर्पिन आलं कुठून तेही सांग, ते आपल्या सर्पगंधेतलं! मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे पेशंटच्या नोंदींसकट छापलं, त्यानंतर बाहेरच्या डॉक्टरांचं लक्ष गेलं, 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलला त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. परळच्या वॉर्डातल्या नोंदी आणि लुंडचे ससे एकाच धाग्यात येतात, हे वर्गात कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

सांगलीकर_फार्मा: सगळ्यांचे मनापासून आभार. पहिली स्लाईड सर्पगंधेच्या मुळीची, मग ससे, मग 1963 आणि शेवटी माझी दांडी. निशिगंधाताई, उंबऱ्याचं सांगू का वर्गात, नाव न घेता?

निशिगंधा: सांग की. आणि चहाचा कप विसरू नकोस.