मदत हवी आहे: तीन सोसायट्यांनी मिळून स्टील-सिमेंट घ्यायचं, तर करार कुणाच्या नावे?

नमस्कार मंडळी,

मुलुंड पूर्वेला आमच्या तीन सोसायट्या एकमेकींना लागून आहेत आणि तिघींनीही स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरशिवाय आपली इमारत आपणच पुन्हा बांधण्याचा मार्ग धरलाय. अशा सोसायट्यांना सवलती देणाऱ्या १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयानंतर बिल्डरकडे न जाण्याचं धाडस आलं. आमचं पायाचं काम दिवाळीनंतर निघेल, शेजारच्यांचं पाडकाम चालू आहे, तिसऱ्या सोसायटीची आयओडी (महापालिकेची अटींसह मंजुरी) यायची आहे.

स्टील, सिमेंट, लिफ्ट, खिडक्या एकत्र घ्याव्यात असं तिन्ही समित्यांचं म्हणणं. भाव उतरतो यात वादच नाही. डीलरला वगळून थेट कंपनीशी बोलता येतं. मला घोर वेगळाच आहे. तिघींनी मिळून एकच ऑर्डर सही केली आणि तिसऱ्या सोसायटीचं कर्ज अडकलं, तर तिच्या वाट्याचं स्टील कुणाच्या गळ्यात? आमचे बरेच सभासद निवृत्त आहेत, भाड्याच्या घरात दिवस काढतायत. शेजारच्या इमारतीची थकबाकी त्यांच्या माथी येता कामा नये.

दुसरा प्रश्न सळीचा. माल आमचा, वापरणार कंत्राटदार. १२ मिमीची सळी हिशेबात मीटरला ०.८८८ किलो धरतात, पण आयएस १७८६ या सळीच्या भारतीय मानकात त्या व्यासाच्या लॉटला पाच टक्के कमी-जास्त चालतं. पैसे आम्ही काट्यावरच्या वजनाचे देणार, बीबीएसचा (कुठे किती लांबीची सळी लागेल त्या तक्त्याचा) हिशेब मात्र लांबीवरून. सळी जाड बाजूला निघाली की कागदावर स्टील कमी भरतं आणि चोरीचा संशय कंत्राटदारावर. हा फरक करारात कसा लिहिता?

तिसरं, कंत्राटदाराला डिझाइनच्या वेळीच सोबत घ्यावं असं मनापासून वाटतं. २००८ मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या टर्मिनल ५ वर मालक कंपनी बीएएने जोखीम स्वतःकडे ठेवली आणि ठेकेदारांना प्रत्यक्ष खर्च अधिक ठरलेला नफा दिला, म्हणजे दोष कुणाचा यावर पत्रं लिहीत बसण्यात कुणाचाच फायदा उरला नाही. आमचा जीव तेवढा नाही. पण टार्गेट कॉस्ट ठरवून बचतही वाटून घ्यायची आणि वाढीव खर्चही, अशी सोय ब्रिटनच्या एनईसी या बांधकामाच्या नमुना करारात आहे. आपल्याकडे सोसायटीच्या कामात कुणी केलंय का? कर्ज देणारी बँक मान्य करते का?

प्रतिसाद:

पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) म्हणून अशी कामं पाहिली आहेत, म्हणून सांगते. एकच ऑर्डर अजिबात नको. दर तिघींना एक, ऑर्डरी तीन. कंपनीशी एक दरकरार करा आणि प्रत्येक सोसायटीने आपल्या नावाने, आपल्या कर्जखात्यातून, लागेल तसा पीओ (खरेदीची ऑर्डर) काढावा. 'जबाबदारी ज्याच्या त्याच्या ऑर्डरपुरती' हे कलम वकिलाकडून नीट लिहून घ्या. किमान मालाची हमी मागतील. ती तिसऱ्या सोसायटीला धरून देऊ नका. स्टीलचा दर वर्षभर बांधून कुणी देत नाही, म्हणून त्या दिवशीच्या जाहीर दरावर किती सूट, ते ठरवा.

सिमेंट साठवायच्या फंदात पडू नका, तीन महिन्यांवर गेलं तर पुन्हा टेस्ट करावं लागतं. आरएमसी (प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट) एकत्र घेतलीत तर प्लांट जवळचाच बघा, दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी आणि आपला ट्रॅफिक तुम्हाला ठाऊक आहे.

सळीचं सोपं आहे. प्रत्येक ट्रकमधून प्रत्येक व्यासाचे मीटरभराचे तुकडे कापून कंत्राटदाराच्या माणसासमोर तोला, रजिस्टरला दोघांच्या सह्या. रिकन्सिलिएशन (आलेल्या आणि वापरलेल्या स्टीलचा मेळ) त्या वजनावर करायचं, ०.८८८ वर नाही. वेस्टेजचा टक्का आधीच लिहा.

टार्गेट कॉस्ट पायाला नको. जमिनीत काय निघेल ते कुणाला माहीत? पाया आयटम रेटवर (जेवढं काम मोजलं जाईल तेवढ्याचे ठरलेल्या दराने पैसे), त्यावरचं आरसीसी टार्गेटवर करून पाहा. बँकेच्या इंजिनिअरला मात्र मसुदा सहीच्या आधी दाखवा. आणि तिन्ही सोसायट्यांत हा विषय नोटिशीत स्वतंत्र छापून ठराव घ्या, 'ऐनवेळचे विषय' मध्ये घालू नका.