मदत हवी आहे: इंडियन लॅरीबद्दल पाच मिनिटं बोलायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीतले आठ-दहा मराठी बायकर ऑगस्टअखेरीस जमतोय. लॅरी डिस्मेट, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा चॉपर (आपल्या मनासारख्या घडवलेल्या मोटरसायकली) बनवणारा इंडियन लॅरी, याची आठवण काढायची आहे. बोलायचं काम माझ्याकडे आलंय.

मी त्याला पहिल्यांदा पुण्यात, डिस्कव्हरीवर पाहिलं. चौकोनी पोलादी सळईला पीळ देऊन तो फ्रेममध्ये बसवायचा. 'चेन ऑफ मिस्टरी' या गाडीत तर त्याने फ्रेमच्या नळीऐवजी जाडजूड साखळीच्या कड्या वेल्ड करून घातल्या! इंजिन उघडं, झाकपाक काही नाही, आणि गाडी रोज चालवायची, नुसती प्रदर्शनात ठेवायची नाही. हे मला फार भावतं. माझ्या मुलाला वेल्डिंग शिकवताना मी त्याचंच उदाहरण देतो.

अडचण त्याच्या शेवटाची आहे. 28 ऑगस्ट 2004 ला नॉर्थ कॅरोलिनात धावत्या गाडीच्या सीटवर उभं राहण्याची कसरत करताना तो पडला. हेल्मेट नव्हतं. दोन दिवसांनी गेला. समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं असतील. अपघात वगळणं मला खोटेपणाचं वाटतं, पण त्या कसरतीचं कौतुक झालेलंही नको. तुम्ही हे कसं मांडाल?

शिवाय ब्रुकलिनला त्याच्या आठवणीत भरणाऱ्या ब्लॉक पार्टीला (रस्त्यावरच्या मेळाव्याला) कुणी गेलं असेल, तर स्वतः काढलेले फोटो दाखवायला द्याल का? गाड्यांचे जवळून काढलेले, वेल्डिंगचे सांधे दिसतील असे हवेत.