‘सर्वांसाठी आरोग्य’ आणि लोकसंख्येचा निकष

प्रश्न (सोलापूरकर): अल्मा-आटा (आजचे कझाकस्तानातील अल्माटी) येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत सप्टेंबर १९७८ मध्ये २००० सालापर्यंत ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय ठरले आणि २०१८ मध्ये त्याच देशातील अस्ताना येथे प्राथमिक आरोग्यसेवेची ग्वाही पुन्हा देण्यात आली. आपल्याकडे सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. परंतु घरी विड्या वळणारी स्त्री आणि हंगामात ऊसतोडीला जाणारे कुटुंब त्या केंद्रापर्यंत इतरांइतक्या सहजपणे पोहोचत नाही. धोरणाचा फेरविचार करताना हा फरक मुळातच का धरला जात नाही?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक): तो धरला होता. अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यात लसीकरणाबरोबर अन्न, शुद्ध पाणी, स्वच्छता आणि लोकसहभागही होता. मात्र १९७९ पासून ‘निवडक’ प्राथमिक सेवेचा, म्हणजे मोजक्याच उपायांवर लक्ष देण्याचा, विचार पुढे आला, आणि पुढच्या दशकात युनिसेफने मुलांच्या वाढीचा तक्ता, जलसंजीवनी, स्तनपान व लसीकरण यांवर भर दिला. त्यातून असंख्य मुले वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जे मोजायला सोपे तेच निधीला पात्र ठरू लागले, आणि मजुरी, पाणी, जात हे प्रश्न आरोग्य खात्याच्या कक्षेबाहेर गेले.

उत्तर २ (करमाळा): आमच्यापासून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावातल्या निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या कामाची दखल घेतली होती. आज आशा ताई आहेत, पण त्यांना स्वयंसेविका म्हणायचे आणि बऱ्याच कामांचा मोबदला कामागणिक द्यायचा, अशी व्यवस्था आहे. (विडीची मजुरीही अशीच, हजार विड्यांमागे ठरते.) ज्यांच्या जोरावर समन्याय, म्हणजे गरजेनुसार सर्वांपर्यंत सेवा, साधायचा, त्यांनाच पक्की नोकरी नाही.

उत्तर ३ (विडी घरकुल, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीचा परिसर): पैसा कुठे जातो, तेही पाहावे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील खर्चाचा दोन-तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेला द्यावा, असे म्हटले. तर पुढच्याच वर्षी आलेले ‘आयुष्मान भारत’ योजनेतील पाच लाखांचे विमाकवच रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बाईचा रोजचा खोकला त्यात बसत नाही, आणि तपासणीला गेले की त्या दिवसाच्या विड्या कमी होतात.

सोलापूरकर: म्हणजे केंद्रे किती, याआधी केंद्रात कोण आले नाही, याची नोंद हवी. ऊसतोडीच्या टोळीतील गरोदर स्त्रीचे नाव मूळ गावच्या यादीत राहते. कारखान्याच्या परिसरातील केंद्राकडे ती माहिती पोहोचवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची असावी?